लग्न कोणी लावावं? पुरोहिताची पात्रता, कागदपत्रं आणि ‘नमुना ड’वरची सही

कार्यालय आणि केटरर ठरवायला महिना-महिना जातो. लग्न लावणार कोण, हा प्रश्न मात्र ‘आपले नेहमीचे गुरुजी आहेत की’ एवढ्यावर मिटतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे ‘नमुना ड’वर, वधूवर आणि तीन साक्षीदारांच्या जोडीला लग्न लावणाऱ्याचीही सही लागते, म्हणून ही निवड वेळेवर आणि विचारपूर्वक व्हायला हवी.

आधी पात्रता पाहू. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. या कायद्यात लग्न लावणाऱ्याची पात्रता कुठेही सांगितलेली नाही. त्याला परवाना लागत नाही. तो अमुक जातीचाच हवा किंवा पुरुषच हवा, अशीही अट नाही. कलम ७ एवढंच सांगतं की वर किंवा वधू, दोघांपैकी एकाकडच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल टाकताच विवाह पूर्ण होतो. म्हणजे घरातली जाणती आत्या विधी नीट करणार असेल, तर तिने लावलेलं लग्न कायद्याला चालतं. बौद्ध पद्धतीच्या विवाहात भन्ते किंवा बौद्धाचार्य मंगल परिणय लावतात, त्यालाही हाच कायदा लागू होतो.

हे स्वातंत्र्य महाराष्ट्रात आयतं मिळालेलं नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. पुढे जुन्नरजवळच्या ओतूरमध्ये असंच लग्न झालं, तेव्हा ‘आमचा हक्क बुडाला’ म्हणून गावच्या जोश्यांनी दावा लावला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. न बोलावलेल्या पुरोहितालाही दक्षिणा द्यावी लागण्याचा वतनी हक्क मुंबई इलाख्यात १९२६ च्या कायद्याने संपवला. आज पुण्याची ज्ञान प्रबोधिनी स्त्रियांना आणि सर्व जातींतल्या लोकांना पौरोहित्य शिकवते आणि मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावते. स्त्री पुरोहिताने लावलेल्या लग्नाची नोंद होईल का, असं अजूनही कुणी दबकत विचारतं. होते, आणि त्यासाठी वेगळा कागद लागत नाही.

लग्न कोणी लावावं यात मोकळीक असली, तरी विधी गाळण्यात ती नाही. १९६५ साली भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आवश्यक विधी न करता उरकलेलं लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्न ठरत नाही, ते विधी वगळण्याची त्या समाजात रूढीच असेल तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०२४ मध्ये दोन वैमानिकांच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं गेलं. त्यांनी एका संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन नोंदणी केली होती, विधी केलेच नव्हते. न्यायालयाने तो विवाह ग्राह्य धरला नाही. त्यामुळे ‘विधी नंतर बघू, आधी सर्टिफिकेट घ्या’ असं सांगणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

गुरुजींना सांगायला जाल तेव्हा मुहूर्त आणि दक्षिणेबरोबर हेही विचारा: लाजाहोम आणि सप्तपदी पूर्ण करणार का, की मंगलाष्टका झाल्या की पंगतीची घाई म्हणून आटोपतं घेणार? कन्यादान नको असेल किंवा संकल्प दोघांच्या नावे हवा असेल, तर तेही तेव्हाच बोला. मांडवात अंतरपाट धरल्यावर वाद घालणं कुणाच्याच हिताचं नाही.

गुरुजीही तुमच्याकडे वयाचे दाखले मागतील. त्याचा राग मानू नका. वर २१ आणि वधू १८ वर्षांची पूर्ण हवी. बालविवाह लावणाऱ्याला २००६ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दाखला न बघताच ‘हो’ म्हणणारा पुरोहित मी तरी निवडणार नाही.

आता नोंदणी. १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत ‘नमुना ड’मधलं विवाहाचं ज्ञापन (नोंदणीचा अर्ज) विवाह निबंधकाकडे द्यायचं असतं. शहरात हे काम महापालिकेच्या विभागीय कार्यालयात किंवा नगरपालिकेत होतं, खेड्यात ग्रामपंचायतीत. मुदत टळली तरी नोंदणी होते, पण जादा शुल्क पडतं. अर्जावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. सोबत दोघांचे वयाचे दाखले (शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा), रहिवासाचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, विधी दिसेल असा लग्नाचा फोटो आणि तिन्ही साक्षीदारांची ओळखपत्रं. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला. पत्रिका छापलीच नसेल तर प्रतिज्ञापत्र चालतं का, ते कार्यालयात आधी विचारून घ्या.

अर्जात लग्न लावणाऱ्याचं नाव, वय, पत्ता आणि सही असते. बाहेरगावचे गुरुजी लग्न लावून निघून गेले की या एका सहीसाठी जोडप्याची धावपळ होते. म्हणून कोरा नमुना ड लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयातच न्या, एखाद्या जबाबदार मामाकडे ठेवा, आणि गुरुजी दक्षिणा घेऊन उठायच्या आत त्यांची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या.

वधूवर वेगवेगळ्या धर्मांचे असतील, किंवा स्वतः रचलेला समारंभ करायचा असेल, उदाहरणार्थ संविधानाची उद्देशिका वाचून आणि हार घालून, तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा भक्कम मार्ग आहे. तिथे लग्न लागतं ते विवाह अधिकाऱ्यापुढे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असेल तिथे नोटीस द्यायची, हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं. अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द समजणाऱ्या भाषेत उच्चारले की झालं. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला जवळच्या ठिकाणी बोलावताही येतं. बाकी समारंभ मित्राने चालवला तरी हरकत नाही, कारण कायदेशीर भाग अधिकाऱ्यापुढे झालेला असतो.

ख्रिस्ती विवाहात मात्र मोकळीक कमी आहे. १८७२ च्या कायद्यानुसार तो अधिकार असलेल्या धर्मगुरूनेच, परवानाधारक व्यक्तीने किंवा विवाह निबंधकाने लावायचा असतो. ओळखीच्या पाद्रींना बोलावणार असाल तर त्यांना तो अधिकार आहे ना, हे तारीख ठरवण्याआधीच चर्चमधून पक्कं करून घ्या.