संगीतचित्रफितीतील सामाजिक आशय

संगीतचित्रफितीतील सामाजिक आशय : गाण्याला जोडलेल्या तीन ते सहा मिनिटांच्या चित्रणातून वांशिक विषमता, जातिभेद आणि स्त्रियांचे दुय्यम स्थान यांविषयी भूमिका मांडण्याची रीत. ठाणे, नवी मुंबई व लगतच्या रायगड पट्ट्यात अशा चित्रफितीला बोलीत ‘अल्बम साँग’ किंवा नुसते ‘अल्बम’ म्हणतात. गाणे एकच असले तरी तो अल्बमच.

संज्ञा : ‘रेसिझम’साठी मराठीत वर्णभेद, वर्णद्वेष व वंशभेद असे शब्द चालतात. पैकी ‘वर्णभेद’ हा दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भाने विशेष रुळला. मराठीत ‘वर्ण’ म्हणजे कांतीचा रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही, त्यामुळे या शब्दाने घोटाळा होतो. काहींच्या मते हा दुहेरी अर्थ सोयीचाच आहे, कारण जात व वंश यांचे नाते मराठी विचारात जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला, तर १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. तरीही प्रस्तुत नोंदीत ‘वांशिक विषमता’ हीच संज्ञा स्वीकारली आहे. वंश बहुधा कातडीवर दिसतो, जात दिसत नाही. आणि चित्रफीत हे मुळात पाहण्याचे माध्यम असल्याने येथे हा फरक महत्त्वाचा ठरतो.

उगम : चित्रफितीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत गाणे चालू असता जादूच्या कंदिलाने रंगीत काचचित्रे दाखवीत. काही अभ्यासक तेथपर्यंत मागे जातात. दुसरा पक्ष १९२९ च्या ‘सेंट लुइस ब्लूज’ या लघुपटाकडे बोट दाखवतो. त्यात बेसी स्मिथ ही कृष्णवर्णीय गायिका प्रियकराने फसवलेल्या स्त्रीचे दुःख गाते. तिसरा पक्ष १९४० मध्ये आलेल्या ‘साउंडीज’चा. उपाहारगृहांत ठेवलेल्या ‘पॅनोरॅम’ नावाच्या यंत्रात दहा सेंटचे नाणे टाकले, की १६ मिमी. फितीवरचे एक गाणे दिसे. यंत्रातील गाण्यांचा क्रम ठरलेला असल्याने गिऱ्हाइकाला निवड करता येत नसे. ड्यूक एलिंग्टन, फॅट्स वॉलर, लुई जॉर्डन हे कलावंत या फितींमुळे पडद्यावर दिसले. फ्रान्समधील ‘स्कोपिटोन’ हे यंत्र १९६० च्या सुमाराचे. सामान्य वाचकाला ठाऊक असलेला आरंभ म्हणजे १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत सुरू झालेली, संगीतचित्रफिती दाखवणारी एमटीव्ही वाहिनी. पण तो प्रसाराचा टप्पा होय. सामाजिक आशयाच्या दृष्टीने साउंडीजपासून सुरुवात धरणे अधिक युक्त वाटते, कारण कोण दिसणार आणि कोणाला दिसणार हा प्रश्न तेथेच उभा राहिला.

एमटीव्हीच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत कृष्णवर्णीय गायक फारच क्वचित दिसत. १९८३ मध्ये डेव्हिड बोई या ब्रिटिश गायकाने वाहिनीच्या निवेदकालाच मुलाखतीत याचा जाब विचारला. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचे ‘बिली जीन’ लागले आणि कोंडी फुटली. हे वाहिनीने आपणहून केले, की ध्वनिमुद्रण कंपनीच्या दबावाखाली, याविषयी संबंधितांच्याच आठवणी जुळत नाहीत. त्याच वर्षीच्या ‘रॉकिट’मध्ये हर्बी हँकॉक हा वादक फक्त खोलीतल्या एका दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर दिसतो, बाकी सारी खोली यंत्रमानवांची आहे. वाहिनीच्या अलिखित बंदीतून वाट काढण्यासाठी दिग्दर्शकांनी ही युक्ती योजली, असे सांगितले जाते. ते खरे असल्यास गाणे ऐकायला हवे पण गाणारा नजरेआड हवा, या वृत्तीचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

आशय कसा पोहोचतो : शब्द हा त्यातला एक भाग झाला. जागा, शरीर आणि कॅमेऱ्याची नजर यांतून बरेच काही सांगितले जाते. ‘फाइट द पॉवर’साठी (१९८९) स्पाइक ली या दिग्दर्शकाने ब्रुकलिनच्या रस्त्यावर प्रत्यक्ष मोर्चाच भरवला. चाइल्डिश गॅम्बिनोच्या ‘धिस इज अमेरिका’मध्ये (२०१८) पुढे नाच चालतो आणि मागे हिंसा, झाडलेली बंदूक लाल कापडात जपून घेतली जाते, मारलेली माणसे मात्र फरफटत नेली जातात. हे शब्दांत कोठेच नाही. बियॉन्सेच्या ‘फॉर्मेशन’मध्ये (२०१६, दिग्दर्शक मेलिना मात्सुकास) गायिका पुराच्या पाण्यात बुडत जाणाऱ्या न्यू ऑर्लिन्सच्या पोलीसगाडीवर बसलेली दिसते. २००५ च्या कॅटरिना वादळात त्या शहरातील गरीब कृष्णवर्णीयांचे जे हाल झाले, ते ठाऊक असणाऱ्याला याहून अधिक सांगावे लागत नाही.

क्वीन लतिफा हिच्या ‘लेडीज फर्स्ट’चे (१९८९) स्थान या परंपरेत वेगळे आहे. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रूथ यांच्या प्रतिमा, दक्षिण आफ्रिकेतील दडपशाहीची दृश्ये आणि नकाशावरची प्यादी हलवणारी स्वतः गायिका, असे ते चित्रण आहे. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी वंश व लिंग यांच्या एकत्रित दडपणाविषयीची ‘छेदनबिंदू’ची (इंटरसेक्शनॅलिटी) मांडणी केली, तीही १९८९ मध्येच. स्त्रीच्या बाबतीत अडचण उलटी असते : तिला पडद्यावर जागा मिळते, पण पाहण्याची वस्तू म्हणून. त्यामुळे देहप्रदर्शन ही मुक्ती की विक्री, हा वाद मिटलेला नाही. बियॉन्सेच्या चित्रफितींवर कृष्णवर्णीय स्त्रीवादी विचारवंत बेल हुक्स यांनी घेतलेला आक्षेप या संदर्भात गंभीरपणे वाचण्याजोगा आहे.

भारतीय संदर्भ : ‘मन के मंजीरे’ (गायिका शुभा मुद्गल, साधारण २०००) हे महत्त्वाचे आरंभीचे उदाहरण. जाचक संसार सोडून मालवाहू गाडी चालवू लागलेल्या एका प्रत्यक्ष स्त्रीच्या आयुष्यावर ते आधारलेले असून ‘ब्रेकथ्रू’ या स्त्रीहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ते काढले. अरिवु व धी यांचे तमिळ ‘एन्जॉय एन्जामी’ (२०२१) भूमिहीन मजुरांच्या पिढ्यांची कहाणी सांगते.

मराठीत मूळ शोधायचे ते सत्यशोधक व आंबेडकरी जलशांत. भीमराव कर्डकांचा जलसा किंवा वामनदादा कर्डकांची गाणी यांत गाणे, अभिनय व प्रबोधन एकत्र नांदत होते. कॅमेरा तेवढा नव्हता. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी जलसे व स्वस्त गीतपुस्तिका यांना ज्ञानाचे साधन मानून केलेला अभ्यास येथे पायाभूत आहे. कडुबाई खरात यांची एकतारीवरची भीमगीते मोबाइलवर टिपलेल्या साध्या चित्रणांतून घरोघरी पोहोचली. जात दिसत नाही म्हणून भीमगीतांच्या चित्रफितींत खुणा उभ्या कराव्या लागतात : निळा झेंडा, पुतळा, चैत्यभूमीची रांग, वस्तीतली गल्ली.

ठाणे-नवी मुंबई : तुर्भे, दिघा, कळवा, मुंब्रा या वस्त्यांत १४ एप्रिलच्या सुमारास वाजणारी भीमगीते आणि खाडीकाठच्या गावांतील आगरी-कोळी अल्बम, हे येथील दोन मुख्य प्रवाह. दुसऱ्यात हळद, होडी व पारंपरिक लुगडे यांची रेलचेल असते. मासळी विकून घर चालवणारी कोळीण ही खरे तर कमावती स्त्री. अल्बममध्ये मात्र ती बहुधा नायकाने मागे लागावे अशी ‘गोरी’ होते. उन्हातान्हात व खाऱ्या वाऱ्यात राबणाऱ्या समाजाच्या गाण्यात नायिकेला गोरेपणाचेच विशेषण असावे, ही रंगभेदाची घरगुती बाजू असून तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. नवी मुंबईसाठी सिडकोने संपादिलेल्या जमिनी आणि त्यांच्या मोबदल्यासाठी झालेले १९८४ चे जासई-दास्तान फाट्याचे आंदोलन यांमुळे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील हा मात्र या गाण्यांचा आदराचा विषय आहे.

चित्रातून भूमिका मांडण्याची ही रीत येथे रंगमंचावरही दिसली. १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू या आयरिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. एका गाण्याच्या वेळी पाठीमागच्या भव्य पडद्यावर कर्तृत्ववान स्त्रियांच्या प्रतिमा आल्या. त्यांत बंगळूरूत हत्या झालेल्या पत्रकार गौरी लंकेश याही होत्या.

आगरी लग्नात धवले (लग्नविधीची गाणी) गाऊन विधी पार पाडणारी धवलारीण ही या परिसराची सर्वांत जुनी स्त्रीसत्ता म्हणावी लागेल. भटजीच्या जागी तिचा शब्द चाले, आणि तो शब्द गाण्यात असे. हळदीच्या अल्बममध्ये तिला नाचणाऱ्यांच्या गर्दीमागे उभे न करता मांडवाच्या मधोमध, विधी सांगताना दाखवले पाहिजे. प्रत्यक्ष लग्नात तिची जागा तीच आहे.