पांढरे जाणे, योनिमार्गातील आम्ल आणि पिशवीच्या तोंडाचे आरोग्य

नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार नेहमीचीच आहे, आणि ती बहुधा सोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, खालच्या आवाजात सांगितली जाते. तिच्याभोवती दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. बाईमाणसाला हे चालायचेच, ही एक. आणि हा कर्करोगच असणार, ही दुसरी. पहिलीमुळे उपचार लांबतात, तर दुसरीमुळे घाबरून पिशवीच काढून टाकण्याची तयारी केली जाते. म्हणून पांढरे जाण्याचा आणि कर्करोगाचा संबंध कुठे येतो व कुठे येत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

निरोगी योनिमार्ग आम्लधर्मी असतो आणि प्रजननक्षम वयात त्याचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ इतका असतो. हे आम्ल तयार करणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू विरजणातील जिवाणूंचेच भाऊबंद आहेत. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये त्यांचे वर्णन केले. इस्ट्रोजेन संप्रेरकामुळे योनीच्या आवरणातील पेशींमध्ये ग्लायकोजेन साठते, त्याचे विघटन होऊन निघणाऱ्या शर्करेवर हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. या आम्लात बाहेरच्या जंतूंचा टिकाव लागत नाही. पाळीच्या चक्राप्रमाणे कमीजास्त होणारा, खाज किंवा दुर्गंधी नसलेला पांढरट स्राव हा या व्यवस्थेचाच भाग आहे. तो आजार नव्हे.

काही स्त्रियांमध्ये मात्र लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनरेलासारखे अनेक जिवाणू त्यांची जागा घेतात. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. स्राव पातळ व करडा होतो, त्याला माशासारखा वास येतो आणि सामू ४.५ च्या वर जातो. प्रयोगशाळेत त्या स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर आवरणाच्या मोठ्या, चपट्या पेशींवर जिवाणूंचा इतका दाट थर दिसतो की पेशीच्या कडा रवाळ, पुसट होऊन जातात. निदानाची ही ठळक खूण आहे. उपचार मेट्रोनिडॅझोलसारख्या औषधांनी होतो, पण अनेकींना हा त्रास काही महिन्यांत पुन्हा होतो आणि मग ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणून त्या दवाखाना सोडून देतात.

आता कर्करोगाकडे येऊ. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, जवळजवळ सर्व कर्करोगांमागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो. हेराल्ड त्सुर हाउझेन यांना याच शोधासाठी २००८ चे नोबेल मिळाले. या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत असतात. लैंगिक संबंधातून हा संसर्ग बहुतेक स्त्रीपुरुषांना कधी ना कधी होतोच, त्यामुळे तो झाला म्हणून कोणाच्याही चारित्र्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. बहुतेक संसर्ग दोन वर्षांच्या आत शरीर स्वतःच संपवते. जो थोडा उरतो आणि वर्षानुवर्षे मुक्काम करतो, तो पेशींच्या वाढीवरचे लगाम सैल करतो आणि त्यातून कर्करोगपूर्व बदल होतात. तिथून कर्करोगापर्यंत जायला सहसा १० ते २० वर्षे लागतात.

योनीतील जिवाणूंचा प्रश्न येतो तो या मुक्कामापाशी. ज्या स्त्रियांमध्ये लॅक्टोबॅसिलस कमी आढळतात, त्यांच्यात हा विषाणू आणि कर्करोगपूर्व बदल अधिक प्रमाणात दिसतात, असे अनेक अभ्यासांमधून पुढे आले आहे. व्हजायनोसिसमधील काही जिवाणू श्लेष्माचे, म्हणजे चिकट स्रावाचे, संरक्षक आवरण विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडतात आणि तिथे दाह टिकून राहतो, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण आहे. तरीही हा संबंध सोबतीचा आहे, कारण म्हणून तो सिद्ध झालेला नाही. विषाणूच जिवाणूंची घडी विस्कटवत असेल, हीही शक्यता उरते. म्हणून पांढरे जाणे बरे झाले की कर्करोगाचा धोका टळला, असे मुळीच समजू नये. आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणे तर टाळलेच पाहिजे, कारण त्याने उपयोगी जिवाणूच वाहून जातात. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो; बाहेरून साधे पाणी पुरते.

धोका ओळखण्याचा खरा मार्ग तपासणी हाच आहे, कारण कर्करोगपूर्व बदलांना स्वतःचे असे कोणतेही लक्षण नसते. आपल्याकडे शासकीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तपासणी अ‍ॅसिटिक आम्लाने केली जाते. हे आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलेच. त्याच्या सौम्य द्रावणात बुडवलेला कापूस पिशवीच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबले की बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. विषाणूची थेट चाचणी याहून अचूक आहे, आणि तिचा भक्कम पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे: तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर मात्र नियमित तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे.

तपासणीत बदल आढळलेच, तर तेवढाच भाग थंडीने गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेच्या फासाने कापून काढता येतो. गोठवणे किंवा जाळणे काही मिनिटांत उरकते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. एवढ्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही.