ब्रेक दाबला की इंडिकेटर का पेटतो?

सेकंडहँड गाडी घेतल्यावर रात्री मागून येणारा कुणीतरी सांगतो, ‘ब्रेक दाबला की तुमचा डावा दिवा उजळायच्या ऐवजी मंद होतो.’ तपासायला जावं तर आणखी नवल. इंडिकेटर बंद असूनही पुढचा डावा इंडिकेटर ब्रेकबरोबर तांबूस मिणमिणतो. बल्ब नि फ्यूज बदलूनही फरक पडत नाही. मग ‘वायरिंग शॉर्ट आहे’ म्हणत सगळी वायरिंग उसवायची तयारी होते. पण अशा लक्षणांत पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे दिव्याच्या बॉडीशी असलेल्या जोडणीवर घ्यावा.

गाडीत दिव्यापर्यंत प्लसची वायर येते आणि करंट परततो तो बॉडीच्या पत्र्यातून, कारण बॅटरीचं मायनस टोक बॉडीला जोडलेलं असतं. मागच्या लॅम्पमध्ये 5 वॅटचा टेल (रात्री सतत पेटणारा मागचा दिवा), 21 वॅटचा ब्रेक आणि 21 वॅटचा इंडिकेटर असतो. बऱ्याच गाड्यांत या तिघांची अर्थ वायर एकच असते. तिचा बोल्ट गंजला की तिन्ही फिलामेंट (बल्बमधल्या तापणाऱ्या तारा) एकमेकींना जोडलेल्या राहतात, पण बॉडीपासून तुटतात.

करंट तेव्हा दुसरी वाट शोधतो. नुसता टेल लावला तर तो ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन दोन्ही ब्रेक लाइटच्या सामाईक वायरने उजव्या बाजूच्या ब्रेक लाइटमधून बॉडी गाठतो. थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो, म्हणून टेल जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो आणि तपासणारा फसतो. ब्रेक दाबताच त्या वायरवरच 12 व्होल्ट येतात आणि ती वाट बंद होते. उरतो मागचा इंडिकेटर आणि त्याच वायरवरचा पुढचा इंडिकेटर. 21 वॅटचे तीन बल्ब एकामागोमाग आले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 4 व्होल्ट. टेललाही तेवढेच मिळतात. म्हणून मागचा दिवा मंदावतो आणि पुढचा इंडिकेटर मिणमिणतो.

जुन्या गाडीत हे होण्याची कारणं साधी आहेत: लॅम्पच्या रबरातून झिरपलेलं पाणी, किनाऱ्यावरची खारी हवा किंवा ठोकर लागल्यावर दिलेला नवा रंग. अर्थच्या बोल्टखाली रंगाचा पातळ थर राहिला तरी तो करंट अडवतो.

इथे मल्टिमीटरची बीप मात्र घात करते. कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड आहे का, हे तपासताना मीटर जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो. वायरची एखादीच तार शिल्लक असली तरी तो आनंदाने वाजतो. 21 वॅटच्या दिव्याला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात, आणि नुसत्या 1 ओहम रोधाच्या गंजावर 12 व्होल्टांतला दीड व्होल्ट सहज खर्ची पडतो. म्हणून दिवे चालू ठेवूनच मोजायचं: मीटर व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी लॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर. 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग ठीक, काही व्होल्ट आले तर दोष सापडला. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

हाच दोष इंजिनाच्या अर्थ पट्टीत असेल तर प्रकरण गंभीर होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याची विजेची गाठ मुख्यतः त्या पट्टीनेच असते. क्लचच्या कामात काढलेली पट्टी परत बसवायची राहिली, तर स्टार्टरचा शंभरहून अधिक अँपिअर करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून आतलं प्लॅस्टिक वितळतं. स्टार्टर मारताना केबल गरम लागली, तर नवी केबल टाकण्याआधी ती पट्टी जागेवर आहे का, ते बघा.