तणमोराची उडी

ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) उतरले की अर्धी मुंबई दुर्बीण घेऊन ऐरोली-शिवडीला पोचते. पाहावेत असेच ते पक्षी आहेत. पण पावसाळ्यात आपल्याच राज्यात, अकोला-वाशिमच्या माळांवर आणखी एक पाहुणा येतो. त्याचं नाव या शहरात फार थोड्यांना ठाऊक आहे: तणमोर.

माळढोकाच्या कुळातला हा भारतातला सगळ्यात छोटा पक्षी. वजन जेमतेम अर्धा किलो, आणि मादी नरापेक्षा थोराड. एरवी दोघंही मातकट, गवतात सहज मिसळून जाणारे. पहिला पाऊस पडला की नर मात्र काळाभोर होतो, पंखांवर पांढरा पट्टा येतो आणि कानांमागून तुऱ्यासारखी लांब पिसं फुटतात. ती टोकाला किंचित रुंद असतात.

एवढा साजशृंगार केला तरी कमरेएवढ्या गवतात तो मादीला दिसणार कसा? म्हणून तो उडी मारतो. गवताच्या वर दीड-दोन मीटर उसळतो, पंख फडफडवून बेडकाच्या डरकण्यासारखा आवाज काढतो आणि पुन्हा गवतात गडप होतो. विणीच्या ऐन दिवसांत एक नर दिवसाला पाचशेपर्यंत उड्या मारतो. हिशेब मांडून पाहा: चाळीस मजली टॉवर दिवसातून सहा वेळा चढण्याइतकी ही मेहनत आहे! ढगाळ दिवशी तर तो दुपारीही थांबत नाही.

मादी जमिनीवरच तीन-चार अंडी घालते आणि तीन आठवडे एकटीच उबवते. म्हणजे जुलै ते सप्टेंबर गवत उभं हवं, आणि त्यात नाकतोडे, भुंगेरे, अळ्या भरपूर हव्यात. पाऊस दगा देतो त्या वर्षी तणमोर कमी येतात किंवा दुसरीकडे वळतात. वीण आटोपली की ते पांगतात. उपग्रहाद्वारे माग घेतल्यावर कळलं, की गुजरात-राजस्थानातले काही तणमोर दख्खनच्या पठारापर्यंत उतरतात.

या पक्ष्याच्या अभ्यासात मुंबईचा मोठा वाटा आहे. फोर्टमधल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतून रवी शंकरन यांनी १९८०च्या दशकात तणमोराच्या मागे अनेक पावसाळे काढले. १९९९ साली देशभरात सुमारे ३,५०० तणमोर असावेत असा अंदाज होता. २०१७-१८च्या पाहणीत त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास घट दिसली. २०२१ पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) अतिसंकटग्रस्त आहे.

असं का झालं, याचं उत्तर मला सातबाऱ्यावरच्या एका शब्दात दिसतं: पडीक. झाडं नाहीत म्हणजे जमीन वाया गेली, असं आपण धरून चालतो. मग माळ नांगरले जातात, तिथे सोयाबीन येतं, नाहीतर वन विभागच झाडं लावतो. वर विजेच्या तारा. या कुळातल्या पक्ष्यांचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे उडताना समोरची तार वेळेत दिसत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने या तारांबाबत आदेश दिला, त्यात माळढोकाबरोबर तणमोराचंही नाव होतं.

सालिम अलींच्या पुढाकारामुळे मध्य प्रदेशात सैलाना इथे १९८३ साली तणमोरासाठी अभयारण्य झालं. पण वर्षातले आठ महिने जो तिथे नसतोच, त्याला एका कुंपणाने काय पुरणार? इतकी वर्षं त्याला खरं तगवलं ते जुन्या गवताच्या राखीव कुरणांनी. गुजरातेत त्यांना वीड म्हणतात. पावसाळाभर तिथे गुरं सोडायची नाहीत आणि गवत पिकलं की मगच कापायचं, हा नियम लोकांनी गुरांच्या वैरणीसाठी पाळला. तोवर तणमोराची पिल्लं उडायला शिकलेली असत.

विदर्भात फासेपारधी समाजाला तणमोराची नस न् नस ठाऊक आहे. पिढ्यान् पिढ्या शिकार करताना कमावलेलं हे ज्ञान त्यांच्यातले काही जण आता घरटी राखायला वापरतात. शेतात घरटं सापडलं की शेतकऱ्याशी बोलून तेवढा तुकडा पिल्लं बाहेर पडेपर्यंत तसाच उभा ठेवायचा. त्या तुकड्याचे पैसे शेतकऱ्याला मिळायलाच हवेत, आणि ते वेळेवर, कापणीच्या आत.