बीएमआय कुठून आला, आणि कीजचा दुसरा प्रयोग

काट्यावरून उतरलं की आपण लगेच बीएमआय काढतो, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतो, पण ज्याने हे सूत्र काढलं त्याला जाडीशी काही घेणंदेणंच नव्हतं. बेल्जियमचा केटले, मुळात खगोल आणि गणितवाला, १८३० च्या दशकात 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता, त्यात त्याला दिसलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतं. बस्स, एवढंच.

जाडीच्या धोक्याचा हिशोब नीट मांडला तो विमा कंपन्यांनी, कारण कोण लवकर जातो यावर त्यांचा धंदा. अमेरिकेच्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४० च्या दशकात वजनाचे तक्ते काढले, लहान, मध्यम, मोठा बांधा असे तीन रकाने, आता आपला बांधा कुठला हे ठरवायचं कसं ते सांगितलंच नाही, आणि वजन बूट-कपड्यांसकट! डॉक्टर मंडळी कित्येक वर्षं हेच भिंतीवर लावून बसली. १९४७ ला फ्रान्सच्या जाँ वाग यांनी दाखवलं की चरबी पोटावर आहे की मांड्यांवर यावर डायबेटिसचा धोका बदलतो, पण कमरेची टेप काट्याच्या जोडीला यायला पुढे काही दशकं गेली.

१९७२ ला अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांनी केटलेच्या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं, सात हजारांवर पुरुष तपासून, बाई एकही नाही.

आणि गंमत म्हणजे याच कीजचा १९४४-४५ चा प्रयोग आपण विसरलो. मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, वजन पाव हिश्श्याने उतरलं, पोरं ताटं चाटायला लागली, रेसिपीची पुस्तकं वाचत बसायची, आणि खायला मोकळीक मिळाल्यावर शरीरात चरबी आधीपेक्षा जास्त साठली. म्हणजे जाड माणसांना मारला जाणारा 'कंट्रोल नाही' हा टोमणा किती पोकळ आहे बघा. १९९४ ला लेप्टिन सापडलं तेव्हा यामागची एक कडी कळली, चरबी घटली की हे हार्मोन घटतं आणि मेंदू भूक वाढवतो.

२००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात टार्गेटच साधं होतं, ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे, तेवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आता सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं आलीत, वजन भराभर उतरतं, पण २०२२ ला दिसलं की ती बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं.