आव्हीन्यों : शहरदर्शन

आव्हीन्यों हे आग्नेय फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या डाव्या काठावर वसलेले तटबंदीयुक्त शहर आहे. १३०९ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट येथे आला आणि त्याच्यापासून १३७६ मध्ये रोमकडे निघालेल्या अकराव्या ग्रेगरीपर्यंत सात पोपांचे वास्तव्य या परिसरात होते. शहराचे ऐतिहासिक केंद्र १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तटबंदीच्या आतील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे पायी पाहता येतात, त्यामुळे एका दिवसाच्या मुक्कामातही शहराचा बराचसा भाग पाहून होतो.

येथील सें-बेनेझे पुलाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ईश्वरी आज्ञेनुसार बेनेझे नावाच्या मेंढपाळाने ११७७ मध्ये पुलाचे काम आरंभले व ते ११८५ च्या सुमारास पूर्ण झाले, अशी परंपरागत कथा आहे. येथे आधी रोमन पूल असावा, हा काही अभ्यासकांचा तर्क असला, तरी त्याला पुरेसा आधार मिळत नाही. १२२६ च्या वेढ्यात पुलाची मोठी हानी झाली आणि पुढे तो पुन्हा बांधण्यात आला, त्यामुळे आज उभ्या असलेल्या कमानी मूळ बांधकामातील मानता येत नाहीत. त्या सामान्यतः चौदाव्या शतकाच्या मध्यातील समजल्या जातात. पुलावरील सें-निकोला प्रार्थनागृह दुमजली असून त्याच्या खालच्या मजल्यावर जाण्यासाठी आजच्या मार्गावरून पायऱ्या उतराव्या लागतात. पुलाचा मार्ग नंतर उंचावला गेला, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. वारंवार येणाऱ्या पुरांमुळे सतराव्या शतकात पुलाची दुरुस्ती सोडून देण्यात आली आणि मूळच्या सुमारे २२ कमानींपैकी आता चारच उरल्या आहेत. या पुलाविषयीच्या प्रसिद्ध फ्रेंच लोकगीतात लोक पुलावर नाचतात. तथापि पूल अरुंद असल्यामुळे हे नृत्य प्रत्यक्षात पुलाखाली, बार्तलास बेटावर होत असावे, असेही म्हटले जाते.

वेळ थोडा असल्यास पोपच्या राजवाड्याला प्राधान्य द्यावे. बाराव्या बेनेडिक्टने १३३५ मध्ये आरंभलेला जुना राजवाडा कडक व साधा आहे, तर सहाव्या क्लेमेंटने त्याला जोडलेला नवा राजवाडा ऐसपैस आहे. या दोन स्वभावांतील फरक भिंतींवरूनही जाणवतो. क्लेमेंटच्या अभ्यासिकेत, म्हणजे ‘हरिणाच्या खोलीत’, संतांऐवजी शिकार, बहिरी ससाणे आणि चौकोनी तळ्याभोवती मासे धरणारी माणसे रंगवलेली आहेत. पोपच्या खासगी दालनातील ही हिरवी, पानाफळांनी भरलेली भिंत जवळून पाहावी, घाईने पुढे जाऊ नये. सें-मार्स्याल प्रार्थनागृहातील भित्तिचित्रे इटालियन चित्रकार मात्तेओ जोव्हानेत्ती याची आहेत. एकोणिसाव्या शतकात राजवाडा लष्करी बराक म्हणून वापरला गेला आणि त्या काळात काही भित्तिचित्रांचे तुकडे कापून विकले गेले. पोपांच्या काळातील राचरचिलाही उरलेला नसल्याने आज बहुतेक दालने रिकामी दिसतात.

राजवाड्याशेजारील रोशे दे दोम या टेकडीवरील बागेतून नदी, पुलाचे तुटलेले टोक व पलीकडच्या काठावरचे व्हिलनव्ह हे गाव एकत्र दिसतात. राजवाड्याच्या प्रांगणात जाँ व्हिलार याने १९४७ मध्ये सुरू केलेला नाट्यमहोत्सव दरवर्षी जुलैमध्ये भरतो; त्या काळात निवासाची व्यवस्था आधीच करणे आवश्यक ठरते.