फुप्फुसाचं औषध पायात

एक करून बघा. छातीभर श्वास घ्या, त्यातला थोडासाच सोडा आणि तिथूनच पुढचा श्वास घ्या. पुन्हा थोडासाच सोडा, पुन्हा घ्या. चार-पाच श्वासांत छाती ठासून भरल्यासारखी होते आणि तरी हवा पुरत नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. त्याच्या पेशंटला जिना चढताना नेमकं हेच होतं. नळ्या अरुंद आणि लुळ्याही झालेल्या असतात. आतली हवा बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येऊन ठेपतो.

मग माणूस जिना टाळतो. पुढे बाजार टाळतो, देऊळ टाळतो, शेवटी खुर्ची धरतो. बसून बसून मांड्यांचे स्नायू उतरतात. अशक्त स्नायू थोड्या कामातही लवकर आम्ल तयार करतात आणि त्याची भरपाई करायला श्वास आणखी वाढवावा लागतो. दम लागतो म्हणून बसायचं आणि बसल्यामुळे दम वाढायचा!

1960 च्या सुमाराला डॉक्टरही हेच सांगत: आराम करा. घरी ऑक्सिजन द्यायचा तर आणखी भीती. त्याची सवय लागेल, श्वास मंदावेल. या समजुतीला धक्का दिला तो अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये फुप्फुसरोगांचे डॉक्टर थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पेटी जवळच्याच बोल्डरचे, जन्म 1932 चा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे दुबळ्या फुप्फुसाला ऑक्सिजनची चणचण लवकर भासते. एकेकाळी क्षयरोगी हवापालटासाठी याच गावी येत, आणि चार्ल्स डेनिसन नावाचे इथले डॉक्टर 1895 मध्येच छातीच्या रुग्णांच्या व्यायामाबद्दल लिहून गेले होते. न्यूयॉर्कचे अल्व्हन बराक यांनीही 1952 मध्ये ऑक्सिजन लावून रुग्णांना चालवण्याचा आग्रह धरला. फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

डेन्व्हरच्या चमूला साथ मिळाली द्रवरूप ऑक्सिजनची. उणे 183 अंशांवरचा एक लिटर द्रव म्हणजे आठशेहून अधिक लिटर वायू. भिंतीशेजारच्या लोखंडी सिलिंडरऐवजी ऑक्सिजन आता खांद्याला अडकवून नेता येऊ लागला. 1967 मध्ये त्यांनी अहवाल छापला तो अवघ्या सहा रुग्णांचा. पण ते सहाजण चालू लागले होते, आणि त्यांच्या फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब उतरला होता. ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, पाय सुजतात. हे चक्र उलटं फिरवता येतं, हे त्यांना दिसलं. (कोविडकाळात आपल्या कानावर आलेल्या ‘एआरडीएस’चं, म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या अवस्थेचं, पहिलं वर्णनही पेटी आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी केलं.)

1980 मध्ये त्याला भक्कम पुरावा मिळाला. सहा केंद्रांतल्या 203 रुग्णांपैकी निम्म्यांना ऑक्सिजन रात्रीचे बारा तास, बाकीच्यांना शक्य तितका दिवसरात्र. फक्त रात्री घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. आपल्याकडे घरात मशीन असतं, पण ‘जड वाटलं की लावतो’ असं ऐकू येतं, तेव्हा मला हा आकडा आठवतो आणि हळहळ वाटते. ज्यांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण स्वस्थ बसलेलं असतानाही कायम 88 टक्के किंवा त्याखाली असतं, त्यांच्यासाठी ऑक्सिजन हे तासांच्या हिशेबात घ्यायचं औषध आहे. प्रमाण चांगलं असून दम लागत असेल, तर नुसत्या ऑक्सिजनचा तसा उपयोग नाही.

ऑक्सिजन मात्र अर्धंच काम. पेटींच्या कार्यक्रमात आजार समजावून सांगणं होतं, रोजचं चालणं होतं, आणि श्वास सोडायची रीतही होती. ओठांचा चंबू करायचा आणि चुलीत फुंकणीनं फुंकावं तशी हवा सावकाश सोडायची. ओठांशी अडल्यामुळे मागे दाब राहतो, लुळ्या नळ्या मिटत नाहीत, अडकलेली हवा निघून जाते. फुंकणीची उपमा मी मुद्दाम दिली. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या आपल्या कितीतरी बायकांना हा आजार झालाय तो त्या चुलीच्या धुरानेच.

2015 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने व्यायामावर आधारलेल्या अशा कार्यक्रमांच्या 65 चाचण्या, 3822 रुग्ण एकत्र तपासले. फायदा इतका स्पष्ट होता की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असंच ठरलं. तरी इनहेलर चिठ्ठीवर येतो आणि चालणं तोंडी राहतं. ‘फिरत जा’ म्हणून भागत नाही. किती मिनिटं, कोणत्या वेगाने, कुठे थांबायचं, हे मोजून द्यावं लागतं. आठवड्याला दोन-तीन वेळा, निदान सहा ते आठ आठवडे.

सुरुवातीला आणि शेवटी तीस मीटरच्या सरळ वाटेवर सहा मिनिटं चालवून बघतात. दोन टोकांना दोन शंकू, हातात स्टॉपवॉच, बोटाला ऑक्सिमीटर. सहा मिनिटांत पूर्वीपेक्षा तीस मीटर जास्त झाले, तर तो फरक पेशंटला स्वतःला जाणवतो. नळीत जोरात फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायच्या तपासणीचा आकडा बहुधा होता तिथेच असतो. फुप्फुस तेच; पण पहिल्या दिवशी ज्या शंकूला टेकून तो थांबला होता, त्याला वळसा घालून तो पुढे निघालेला असतो.